घरांची अदलाबदल करून फॅमिली ट्रिप: प्रोफाइल बनवण्यापासून घरी परत येईपर्यंत काय काय करायचं

मुलांना घेऊन आठवडाभर हॉटेलमध्ये राहायचं म्हणजे काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांना माहितीये, एकाच खोलीत सगळे, धाकटं झोपलं की बाकीच्यांनी अंधारात गप्प पडून राहायचं, कपडे वाळवायचे तर बाथरूमच्या दांडीवर, आणि रात्री बाळाला दूध गरम करून हवं असेल तर खाली रिसेप्शनला फोन. होम स्वॅपमध्ये हे सगळे प्रश्न सुटतात कारण तुम्ही दुसऱ्या कुटुंबाच्या चालत्या घरात राहता, जिथे वॉशिंग मशीन आहे, किचन आहे, मुलांची खेळणी आहेत, आणि त्याच वेळी किंवा नंतर कधीतरी ते कुटुंब तुमच्या घरात राहतं. भाडं कोणी कोणाला देत नाही.

ही गोष्ट इंटरनेटच्या खूप आधीची आहे. इंटरव्हॅक आणि होमलिंक ही दोन्ही नेटवर्क १९५३ पासूनची, इंटरव्हॅक तर युरोपातल्या शिक्षकांनीच सुरू केलं, तेव्हा घरांची यादी छापून पोस्टाने सभासदांना जायची आणि मग पत्रापत्री. आता तेच काम ॲपवर होतं, पण मुळातला व्यवहार तोच राहिलाय, दोन अनोळखी कुटुंबांनी एकमेकांवर टाकलेला विश्वास. म्हणूनच माझं एक ठाम मत आहे आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: बहुतेक लोक घर शोधत बसतात, शोधायला हवं ते कुटुंब. स्विमिंग पूल आणि समुद्राचा व्ह्यू बघून ठरवलेला स्वॅप फसू शकतो, पण ज्यांची मुलं तुमच्या मुलांच्या वयाची आहेत, जे मेसेजला नीट उत्तर देतात, ज्यांच्या घरातला पसारा तुमच्या घरासारखाच आहे, त्यांच्याशी केलेला स्वॅप सहसा चांगला जातो.

पायरी १: आधी घरात बोला आणि परवानगी बघा

साइटवर अकाउंट काढायच्या आधी घरातल्या सगळ्यांना विचारा. आपल्या बेडवर दुसरं कोणी झोपणार, आपले कप वापरणार, हे एखाद्याला मनापासून नको असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. मुलांना पण सांगा, त्यांच्या खोलीत दुसरी मुलं खेळणार आहेत हे त्यांना शेवटच्या दिवशी कळता कामा नये.

घर भाड्याचं असेल तर घरमालकाची लेखी परवानगी घ्या. करारात पाहुण्यांबद्दल किंवा पोटभाडेकरूबद्दल काही कलम आहे का ते वाचा. स्वतःचा फ्लॅट असला तरी इमारतीचे काही नियम असू शकतात, तिथे पण विचारून घ्या. गृहकर्ज असेल तर त्याच्या अटी पण एकदा नजरेखालून घाला.

पायरी २: कुठल्या प्रकारचा स्वॅप तुम्हाला जमेल ते ठरवा

सगळ्यात जुना प्रकार म्हणजे एकाच वेळी अदलाबदल, तुम्ही त्यांच्याकडे आणि ते तुमच्याकडे त्याच तारखांना. यात घर रिकामं राहत नाही, दोन्ही बाजूंना सारखीच काळजी असते त्यामुळे घर पण दोघं जपतात, आणि गाडी किंवा मांजर सुद्धा अदलाबदलीत धरता येतं. अडचण एकच, तारखा जुळाव्या लागतात. आणि शाळेच्या सुट्ट्या जगभर सारख्या नसतात, उत्तर गोलार्धात बऱ्याच देशांत मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ती डिसेंबर-जानेवारीत, मग दोन शाळकरी कुटुंबांच्या तारखा जुळणार कशा?

त्यासाठी दुसरा प्रकार, वेगवेगळ्या वेळी. ते तुमच्याकडे जुलैमध्ये येतात, तेव्हा तुम्ही आजीआजोबांकडे किंवा दुसऱ्या ट्रिपला, आणि तुम्ही त्यांच्याकडे नंतर जाता. यात दुसरी फेरी राहून जायचा धोका असतो म्हणून दोन्ही तारखा एकदमच फिक्स करा, 'नंतर बघू' वर सोडू नका.

तिसरा प्रकार पॉइंटचा. होमएक्सचेंजवर याला गेस्टपॉइंट म्हणतात, कोणीतरी तुमच्या घरी राहिलं की तुम्हाला पॉइंट मिळतात आणि ते तुम्ही तिसऱ्याच कुणाच्या घरी वापरू शकता. घर किती मोठं, कुठे आहे, काय सोयी आहेत यावरून एका रात्रीचे पॉइंट ठरतात. लवचिक आहे यात वाद नाही, पण पहिल्यांदा करणाऱ्या कुटुंबाला मी एकाच वेळी होणारी अदलाबदलच सुचवेन, कारण त्यात समोरच्यालाही तुमच्याइतकंच जपायचं असतं.

पायरी ३: प्लॅटफॉर्म निवडा

इथे फार डोकं लावू नका. होमएक्सचेंज सगळ्यात मोठ्यांपैकी आहे, १९९२ मध्ये अमेरिकेत एड कुशिन्स यांनी सुरू केलं आणि २०१७ मध्ये गेस्टटूगेस्ट या फ्रेंच कंपनीने ते विकत घेतलं, वार्षिक मेंबरशिपवर चालतं. इंटरव्हॅक आणि होमलिंक अजूनही आहेत आणि तिथे थेट अदलाबदलीची जुनी संस्कृती टिकून आहे. किंड्रेडवर एक रात्र घर दिलं की एक रात्रीचं क्रेडिट मिळतं, साफसफाई आणि सर्व्हिसची फी पाहुणा भरतो. नोकरीनिमित्त चार-सहा महिने सहकुटुंब जायचं असेल आणि तुम्ही शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या क्षेत्रात असाल तर सबॅटिकलहोम्स बघा, तिथे भाड्याची घरं पण असतात आणि अदलाबदल पण.

पैसे भरायच्या आधी एक काम करा, तुम्हाला जिथे जायचंय त्या भागात, तुमच्या तारखांना, मुलं असलेल्या कुटुंबांची घरं फिल्टर लावून शोधा. अशी घरं पुरेशी दिसली तरच मेंबर व्हा. जगभरात किती लाख घरं आहेत या आकड्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. आणि फीमध्ये काय येतं ते वाचा: ओळखपत्राची पडताळणी होते का, घराचं नुकसान झालं तर कव्हर आहे का, ऐनवेळी कोणी कॅन्सल केलं तर प्लॅटफॉर्म दुसरं घर शोधायला मदत करतो का.

पायरी ४: प्रोफाइल

फोटो दिवसा उजेडात काढा, प्रत्येक खोलीचे, बाथरूमचे सुद्धा, आणि घर आवरा पण इतकंही नको की ते कोणाचंच घर वाटणार नाही. मुलांच्या खोलीचा फोटो अगदी पुढे टाका, कारण समोरची आई किंवा बाबा तोच आधी शोधणार आहेत. मुलांचे चेहरे मात्र फोटोत नकोत. घराचा नंबर, गाडीची नंबरप्लेट, शाळेचा युनिफॉर्म दिसत नाही ना ते तपासा, फोटोत लोकेशन सेव्ह होत असेल तर ते काढून मगच अपलोड करा.

वर्णनात उणिवा आधी लिहा. चौथा मजला आहे आणि लिफ्ट नाही, खाली रस्त्याचा आवाज येतो, एकच बाथरूम आहे. लोक घाबरतात की हे लिहिलं तर कोण येणार, पण ज्याला चालणार नाही तो आधीच बाजूला होतो आणि जो येतो तो तक्रार करत नाही. आणि मुलांच्या दृष्टीने काय काय आहे ते नावानिशी लिहा: पाळणा, उंच खुर्ची, जिन्याला गेट, सायकली किती आणि कुठल्या वयाच्या, जवळ बाग आहे का आणि चालत किती मिनिटं.

पायरी ५: मेसेज पाठवा, भरपूर आणि नीट

मोठ्या सुट्टीसाठी सहा ते दहा महिने आधी सुरुवात करा. नकार येतील, काही जण उत्तरच देणार नाहीत, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नसतं, त्यांच्या तारखा जमत नसतात एवढंच. पण सगळ्यांना एकच कॉपी-पेस्ट मेसेज टाकू नका, तो लगेच ओळखू येतो. साधारण असा लिहा:

'नमस्कार, आम्ही चौघं, मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ५ वर्षांचा. तुमच्या घरातला पुस्तकांचा कोपरा बघून मुलगी लगेच म्हणाली इथेच जाऊया. आम्हाला जुलैचे दुसरे दोन आठवडे सोयीचे आहेत, तीन-चार दिवस पुढेमागे चालेल. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, मुलांची खोली वेगळी आहे, बाग पाच मिनिटांवर. तुमची मुलं किती वयाची आहेत? तारखा जमत नसतील तरी तेवढं कळवा म्हणजे आम्ही पुढे बघू.'

बघा, यात तारखा आहेत, लवचिकता किती ते आहे, त्यांचं प्रोफाइल वाचल्याची खूण आहे आणि नाही म्हणायची मोकळीक पण आहे. भाषा वेगळी असेल तर ट्रान्सलेटर वापरा पण वाक्यं छोटी ठेवा म्हणजे भाषांतर बिघडत नाही.

पायरी ६: व्हिडिओ कॉल, आणि हा टाळायचाच नाही

कुटुंब जुळतंय का हे इथेच कळतं. अर्धा-पाऊण तास ठेवा, मुलांना पण थोडा वेळ बसवा. त्यांना सांगा की फोन हातात घेऊन घर फिरवून दाखवा आणि तुम्ही पण दाखवा, यात दोन गोष्टी होतात, फोटो खरे आहेत हे कळतं आणि घर रोजच्या दिवशी कसं असतं ते दिसतं. जो माणूस वारंवार विचारूनही लाइव्ह घर दाखवत नाही, किंवा बोलणं प्लॅटफॉर्मबाहेर न्यायची घाई करतो, किंवा डिपॉझिट थेट खात्यावर पाठवा म्हणतो, तिथे थांबा. प्रोफाइलमधले फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा, तेच फोटो दुसऱ्या शहरातल्या भाड्याच्या जाहिरातीत सापडले तर विषय संपला. पासपोर्टची कॉपी चॅटमध्ये कोणी मागितली तर देऊ नका, ओळख पटवणं प्लॅटफॉर्मच्या पडताळणीवर सोडा.

कॉलवर काय विचारायचं? स्वच्छतेबद्दल सरळ विचारा, तुम्ही निघताना घर कसं सोडता, साफसफाईला कोणी येतं का, निघताना आमच्याकडून काय अपेक्षा आहे. स्वच्छतेच्या कल्पना घराघरात वेगळ्या असतात आणि जास्तीत जास्त कुरबुरी यावरूनच होतात. मग घरात कोणी सिगरेट ओढतं का, पाळीव प्राणी आहेत का आणि घरात कोणाला ॲलर्जी आहे का, कुठली खोली किंवा कपाट बंद राहणार, घरात कॅमेरे आहेत का. कॅमेऱ्यांबद्दल अजिबात संकोच करू नका. एअरबीएनबीने २०२४ मध्ये घराच्या आतल्या कॅमेऱ्यांवर सरसकट बंदी घातली, तुम्ही पण स्वॅपमध्ये तोच नियम धरा, आतले सगळे कॅमेरे बंद आणि प्लग काढलेले, दाराबाहेरचा असेल तर तो कुठे बघतो ते आधी सांगायचं. आवाज ऐकणारे स्मार्ट स्पीकर पण याच यादीत घ्या.

लहान मुलं असतील तर सुरक्षेचे प्रश्न वेगळे विचारा. खिडक्यांना लॉक आहेत का, बाल्कनीच्या कठड्याच्या गजांमध्ये अंतर किती, पूल असेल तर त्याला कुंपण आणि आपोआप बंद होणारं गेट आहे का, उंच कपाटं आणि टीव्ही भिंतीला पक्के केलेत का, औषधं आणि क्लीनिंगची केमिकल्स कुठे ठेवता, घरात शस्त्र आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, तरी विचाराच. ज्या पालकांना हे प्रश्न आवडत नाहीत त्यांचं घर तुमच्या दोन वर्षांच्या मुलासाठी नाही.

पायरी ७: लेखी ठरवा, मग विमा, मग तिकिटं, याच क्रमाने

आवडलं की तारखा, येण्याजाण्याची वेळ, माणसं किती, गाडी, प्राणी, झाडांना पाणी, वीज-इंटरनेटचं बिल कोण भरणार (सहसा ज्याचं घर तोच भरतो), काही मोडलं तर किती रकमेपर्यंत आपापसात मिटवायचं, आणि एखाद्याला यायलाच जमलं नाही तर काय, हे सगळं प्लॅटफॉर्मच्या मेसेजमध्ये लिहून दोघांनी 'मान्य' म्हणायचं. मग साइटवर एक्स्चेंज रीतसर कन्फर्म करायचं. हे बटण दाबायला लोक विसरतात, आणि नुकसानीचं कव्हर किंवा कॅन्सलेशनची मदत साधारणपणे कन्फर्म केलेल्या एक्स्चेंजलाच मिळते, फोनवरच्या शब्दाला नाही.

विमा कंपनीला ईमेल करा, फोन नको, उत्तर लेखी हवं. विचारायचं असं: भाडं न घेता पाहुणे राहणार आहेत, तर पॉलिसी चालू राहते का? पाहुण्यांकडून चुकून नुकसान झालं तर? घर रिकामं राहिलं तर किती दिवस चालतं? बऱ्याच पॉलिसींमध्ये ३० किंवा ६० दिवसांपेक्षा जास्त घर रिकामं असेल तर कव्हर कमी होतं. दागिने आणि रोख रक्कम प्लॅटफॉर्मच्या कव्हरमध्ये सहसा धरत नाहीत हे गृहीत धरून चाला.

गाडीची अदलाबदल करणार असाल तर ड्रायव्हर म्हणून त्यांचं नाव तुमच्या गाडीच्या विम्यात आणि तुमचं त्यांच्या, हे झाल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. परदेशात असेल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं का बघा, रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारावरचं परमिट एक वर्ष चालतं आणि १९६८ च्या करारावरचं जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि कुठल्या देशात कुठलं चालतं ते वेगवेगळं आहे. मुलांच्या कार सीटचं पण तसंच, युरोपात आर४४ किंवा आर१२९ या सेफ्टी स्टँडर्डचा मार्क लागतो, अमेरिकेत वेगळं स्टँडर्ड आहे, त्यामुळे आपली सीट उचलून नेण्यापेक्षा त्यांच्या गाडीतली त्यांचीच वापरणं सोपं, फक्त मुलाच्या उंची-वजनाला बसते का ते आधी विचारा.

आता तिकिटं. दोन्ही कुटुंबांनी शक्यतो एकाच दिवशी काढायची आणि काढली की एकमेकांना कळवायचं. एकाने काढली आणि दुसरा 'बघतो' म्हणतोय असं लोंबकळत ठेवू नका. परवडत असेल तर रिफंड मिळणारी किंवा तारीख बदलता येणारी घ्या. व्हिसा लागत असेल तर त्याला लागणारा वेळ धरा, आणि अर्जात राहण्याची जागा म्हणून खरं तेच लिहा, गरज पडली तर यजमानांकडून साधं पत्र घ्या. एक बारीक गोष्ट: राहण्याच्या बदल्यात घर किंवा प्राणी सांभाळणं हे काही देशांच्या सीमेवर काम धरलं जाऊ शकतं आणि टुरिस्ट व्हिसावर काम चालत नाही, तेव्हा मांजराची जबाबदारी घेण्याआधी त्या देशाचा नियम वाचा.

पायरी ८: घर तयार करा

महत्त्वाची कागदपत्रं, दागिने, औषधं, घरच्यांच्या आठवणीच्या वस्तू, हे एका कपाटात टाकून कुलूप. बाकी सगळं उघडं राहू द्या. प्रत्येकासाठी एक रिकामा कप्पा, कपाटात हँगर, फ्रिजमध्ये अर्धी जागा, धुतलेल्या चादरी-टॉवेल. वायफायला गेस्ट नेटवर्क करा, कॉम्प्युटरला पासवर्ड, टीव्हीवरच्या ॲपमधून खरेदी बंद. मुलांना सांगा की तुमची जीव की प्राण असलेली खेळणी वेगळी काढून ठेवा, उरलेली पाहुण्या मुलांसाठी. हे काम त्यांच्याकडूनच करून घ्या, मग परत आल्यावर रडारड होत नाही.

घराची माहिती एका फाइलमध्ये लिहा, पाच-सहा पानं पुरेत, आणि जिथे बटणं आहेत तिथे फोटो टाका. पाण्याचा मेन व्हॉल्व्ह, विजेचा मेन स्विच, गॅस कुठून बंद होतो, गीझर, वॉशिंग मशीनचा रोजचा प्रोग्राम, कचरा कधी आणि कसा वेगळा करायचा, दरवाजा जरा ओढून कुलूप लागतं वगैरे. विजेचा दाब लिहा, काही देशांत १०० ते १२७ व्होल्ट असतो आणि बऱ्याच ठिकाणी २२० ते २४०, कमी व्होल्टचा हेअर ड्रायर जास्त व्होल्टच्या ठिकाणी लावला की तो जळू शकतो. जवळचं मुलांचं हॉस्पिटल, रात्री उघडं असणारं औषधांचं दुकान, आणि इमर्जन्सी नंबर मोठ्या अक्षरात, कारण युरोपियन युनियनमध्ये ११२, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९ असं बदलत जातं आणि घाबरलेल्या माणसाला ते आठवत नाही. ही फाइल त्यांना दोन आठवडे आधी पाठवा आणि त्यांची मागून घ्या.

शेजाऱ्यांना सांगा कोण येणार आहे, नाहीतर ते पोलिसांना फोन करतील. जास्तीची किल्ली एका विश्वासू माणसाकडे ठेवा आणि त्याचा नंबर पाहुण्यांना द्या. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळ्या खोल्यांचा एक व्हिडिओ काढून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे पण नंतर वाद झाला तर तोच उपयोगी पडतो.

पायरी ९: त्यांच्या घरी

पोचल्या पोचल्या मुलं सुटायच्या आधी घर एकदा फिरा. काही आधीच तुटलेलं दिसलं तर फोटो काढून लगेच यजमानांना पाठवा, तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून. लहान मुलं असतील तर सेफ्टी परत एकदा स्वतः बघा, खिडक्या, जिना, प्लग पॉइंट. काचेच्या वस्तू वर उचलून ठेवा, मूळ जागेचा फोटो घेऊन, म्हणजे निघताना परत तशाच लावता येतील.

काही मोडलं तर त्याच दिवशी सांगा. आणि तिकडून तुमच्या घरातून प्रश्न आला, गीझर चालत नाही, किल्ली अडकली, तर तासाभरात उत्तर द्या, सुट्टीवर असलात तरी. निघताना घर जसं मिळालं त्याहून थोडं बरं सोडा: चादरी ठरल्याप्रमाणे, कचरा बाहेर, फ्रिज पुसलेला, जे संपवलं ते आणून ठेवलेलं, मुलांनी काढलेलं एखादं चित्र टेबलावर.

पायरी १०: परत आल्यावर

घरात शिरल्यावर आधीचा व्हिडिओ समोर ठेवून बघून घ्या. किरकोळ ओरखडा, एखादा फुटलेला ग्लास सोडून द्या, तुमच्याकडूनही काहीतरी झालेलं असेलच. मोठं नुकसान असेल तर आधी त्यांना फोटोसकट शांत मेसेज करा आणि एक-दोन दिवस उत्तराची वाट बघा, पण प्लॅटफॉर्मची क्लेमची मुदत किती दिवसांची आहे ते आधीच वाचून ठेवलेलं असू द्या कारण ती बहुतेक वेळा कमी असते, आणि दुरुस्तीची पावती जपून ठेवा.

रिव्ह्यू आठवड्याच्या आत लिहा आणि त्यात पुढच्या कुटुंबाला लागेल ते लिहा. 'खूप छान घर' एवढ्याने कोणाला काही कळत नाही, 'जिन्याला गेट नाही पण आमच्या चार वर्षांच्या मुलाला अडचण आली नाही, यजमान लगेच उत्तर देतात' याने कळतं. काही खटकलं असेल तर ते पण लिहा, पण आधी त्यांना सांगून मग. आणि कुटुंब आवडलं असेल तर त्यांना थेट विचारा की पुढच्या वर्षी परत करायचं का, कारण दुसऱ्या वेळी पायरी ३ ते ६ मधलं जवळजवळ सगळं काम वाचतं आणि मुलांनाही ते घर ओळखीचं झालेलं असतं.